विद्यापीठाचे वाण आणि कंपनीचे पाकीट

मृगाचा पाऊस जवळ आला की परभणी, मानवत, सेलू, पाथरी येथील कृषी सेवा केंद्रांपुढे कापसाच्या बियाण्यासाठी गर्दी होऊ लागते. शेतकरी पाकिटावरील चित्र पाहतो, गेल्या वर्षी शेजाऱ्याच्या रानात कोणते वाण चांगले फुटले होते ते आठवतो, दुकानदारास दोन प्रश्न विचारतो आणि पाकीट पिशवीत टाकतो. त्या पाकिटातील सरकीच्या मागे मात्र बहुधा दोन घरांची मेहनत असते. एक घर वाण निर्माण करणाऱ्यांचे. ते पुष्कळदा सरकारी संशोधन केंद्र किंवा कृषी विद्यापीठ असते. दुसरे घर ते वाण वाढवून, पाकिटात भरून, गावोगाव पोहोचविणाऱ्या कंपनीचे. या दोन घरांत सलोखा असेल आणि व्यवहार चोख असेल, तर शेतकऱ्याचा लाभ होतो. सलोखा नसेल, किंवा असला तरी उशिरा जुळला, तर त्याचे मोल शेतकऱ्यासच द्यावे लागते.

शेती शाश्वत व्हावी, म्हणजे जमीन, पाणी आणि बियाणे यांचा कस पुढील पिढीसाठी टिकून राहावा, याकरिता विद्यापीठे व कंपन्या यांनी हातात हात घालून काम करावे असे आज सर्वत्र म्हटले जाते. हे म्हणणे योग्यच आहे. परंतु असा हातमिळवणीचा व्यवहार प्रत्यक्षात कसा चालतो, त्यात कोणाकडे काय राहते आणि शेतकऱ्याच्या पदरात काय पडते, हे आपल्याच भागातील एका उदाहरणावरून पाहणे अधिक उपयोगाचे होईल. ते उदाहरण म्हणजे नांदेड-४४ हे कापसाचे संकरित वाण.

जुना पायंडा

व्यापारी, गिरण्या आणि संशोधक यांची भागीदारी मराठवाड्यास अगदीच नवीन नाही. निजामाच्या राजवटीत परभणी व नांदेड या भागांत गावरानी नावाचा देशी कापूस होत असे. त्या काळी देशभर गिरण्यांना लांब धाग्याची रुई कमी पडे. त्यासाठी १९२१ साली भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली आणि १९२३ च्या कायद्याने कापसावर लहानसा उपकर बसविण्यात आला. गिरणीत वापरल्या जाणाऱ्या आणि परदेशी जाणाऱ्या रुईवरील या उपकरातून समितीचा खर्च भागे. या पैशातून ठिकठिकाणच्या संशोधन योजनांना मदत मिळाली व मुंबईस माटुंगा येथे धाग्याची परीक्षा करणारी प्रयोगशाळा १९२४ साली उभी राहिली. १९६६ मध्ये ही समिती बंद झाली.

या व्यवस्थेतील एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पैसा उद्योगाकडून येत होता, तरी निघालेले वाण कोणा एका गिरणीच्या मालकीचे होत नसे. ते शेतकऱ्याच्या हाती येई आणि सरळ वाण असल्यामुळे पुढील वर्षी त्याच्याच घरच्या सरकीतून पेरले जाई. परभणीच्या मेहबूब बाग येथील कापूस संशोधन केंद्राने पुढे देशी कापसावरच काम चालू ठेवले. पीए २५५ म्हणजे परभणी तुराब आणि पीए ४०२ म्हणजे विनायक हे त्या केंद्राचे वाण होत. देशी झाडाचा काटकपणा राखून अमेरिकन कापसाच्या तोडीचा धागा मिळविणे हे ते काम होते, आणि ते सोपे नव्हते.

दुसरे उदाहरण शेजारच्या जालन्याचे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली तेथे महिको ही बियाणे कंपनी काढली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेल्या पुसा सावनी या भेंडीचे बियाणे वाढविण्यापासून त्यांच्या उद्योगास आरंभ झाला होता. त्यानंतर सरकारी केंद्रांतून निघालेल्या ज्वारी व बाजरीच्या पहिल्या संकरित वाणांचे बीजोत्पादनही अशा कंपन्यांनी हाती घेतले. १९९८ साली बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संस्थेचे संशोधन आणि कंपनीचे वितरण यांचा मेळ बसला की किती झपाट्याने काम होते, याचा हा पुरावा होय. कंपन्या केवळ लुटण्यासाठीच असतात असे जे काही जण सरसकट बोलतात, त्यांनी हा इतिहास पाहावा.

नांदेड-४४

परभणी येथे १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. आज ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. या विद्यापीठाच्या नांदेड येथील कापूस संशोधन केंद्रात नांदेड-४४ हे संकरित वाण तयार झाले. बीएन-१ ही मादी आणि एसी-७३८ हा नर, अशा दोन अमेरिकन कापसांच्या संकरातून ते आले. १९८४ च्या सुमारास ते शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले आणि थोड्याच वर्षांत मराठवाड्याबाहेरही पसरले.

या वाणाची लोकप्रियता जाहिरातीने वाढलेली नव्हती. कोरडवाहू रानात ऑगस्टमध्ये पावसाने ताण दिला की कापसाची पाती गळतात. पुढे पाऊस आला तरी पुष्कळ वाणांचे झाड पुन्हा उभारी धरीत नाही. नांदेड-४४ मात्र ताण सरला की नव्याने पाती-फुले धरी. तुडतुड्यांसारख्या रसशोषक किडींनाही ते बऱ्यापैकी तोंड देई. परभणी जिल्ह्यातील कापसाचे बहुतांश क्षेत्र आकाशाकडे डोळे लावून बसणारे आहे. अशा ठिकाणी ताणानंतर पुन्हा फुटण्याचा हा एकच गुण दोन वेचण्यांइतका मोलाचा ठरतो. जुने शेतकरी आजही या वाणाचे नाव काढतात ते त्यामुळेच.

येथे संकरित बियाण्याचे मर्म थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण पुढील सर्व हकिगतीचा उलगडा त्यातूनच होतो. संकरित कापसाचे बियाणे तयार करावयाचे म्हणजे मादी वाणाच्या प्रत्येक कळीतील पुंकेसर सायंकाळी हाताने काढून टाकावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फुलावर नर वाणाचे पराग लावावे लागतात. जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस, एच-४, गुजरातेत सुरत येथे डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० साली दिला, तोही याच हातपद्धतीने. हे काम फार मजुरीचे आहे. शिवाय संकरित पिकाची सरकी घरी राखून पेरली तर पुढील पिढीत झाडे एकसारखी येत नाहीत, कोणी आईवर जाते, कोणी बापावर. त्यामुळे दरवर्षी नवे बियाणे विकत घेणे भाग पडते. ज्याच्या हाती जनक वाण, त्याच्याच हाती बियाण्याची किल्ली.

विद्यापीठाकडे जनक वाण होते. परंतु लक्षावधी पाकिटे भरण्याजोगे बीजोत्पादन हे विद्यापीठाचे काम नव्हे, आणि तेवढे मनुष्यबळही त्याच्यापाशी नसते. विद्यापीठ पैदासकार बियाणे तयार करते. त्यापासून पायाभूत आणि पायाभूतापासून प्रमाणित बियाणे करण्याची जबाबदारी मुख्यतः महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ म्हणजेच महाबीज, तसेच अन्य बीजोत्पादक यांच्यावर असते. महाबीज ही १९७६ साली स्थापन झालेली, अकोल्यास मुख्यालय असलेली सरकारी कंपनी आहे आणि शेतकरीही तिचे भागधारक आहेत.

बीटी आले आणि वाण मागे पडले

मार्च २००२ मध्ये केंद्र शासनाने बीटी कापसास परवानगी दिली. पहिली तीन वाणे महिकोची होती आणि त्यांतील जनुक अमेरिकेतील मोन्सॅन्टो कंपनीचे होते. जमिनीतील एका जिवाणूपासून घेतलेले हे जनुक झाडात असले म्हणजे झाड स्वतःच बोंडअळीस मारक प्रथिन तयार करते. २००६ साली दोन जनुकांचे बोलगार्ड-२ आले. महिको व मोन्सॅन्टो यांच्या संयुक्त कंपनीने हे जनुक देशातील अनेक बियाणे कंपन्यांना शुल्क घेऊन दिले. प्रत्येक पाकिटामागे तंत्रज्ञानाची रक्कम आकारली जाई. दहा-बारा वर्षांत देशातील कापसाचे नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली गेले.

या धावपळीत नांदेड-४४ मागे पडले. ते निकृष्ट ठरले म्हणून तसे झाले नाही. हिरव्या बोंडअळीने हैराण झालेल्या शेतकऱ्यास फवारणीतून सुटका हवी होती आणि ती देणारे जनुक या वाणात नव्हते. जनुक कंपनीकडे आणि कोरडवाहूस टिकणारे वाण विद्यापीठाकडे, अशी ही फारकत होती. दुकानांत शेकडो नावांची बीटी वाणे आली. त्यांतील कित्येक बागायतीसाठी चांगली असली तरी हलक्या, उथळ रानात पावसाच्या ताणाने माना टाकीत. तरीही निवडीस वाव उरला नाही, कारण बीटी नसलेले बियाणे बाजारातूनच नाहीसे झाले.

ही उणीव भरून काढण्याचा पहिला प्रयत्न सरकारी संस्थांनीच आपसांत केला. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, धारवाडचे कृषी विद्यापीठ आणि दिल्लीची एक राष्ट्रीय संस्था यांनी मिळून स्वदेशी बीटी कापूस तयार केला. बिकानेरी नरमा या सरळ वाणाचे बीटी रूप २००८ मध्ये मंजूर झाले. नांदेड-४४ चेही बीटी रूप याच उपक्रमात तयार करण्यात आले होते. पहिल्या बियाण्याचे वाटप २००९ च्या खरिपात झाले. परंतु त्या बियाण्यात मोन्सॅन्टोच्या जनुकाचा अंश आढळल्याचे उघडकीस आले व वितरण थांबविण्यात आले. पुढे चौकशीसाठी समिती नेमण्यात आली. स्वस्त आणि घरी राखता येण्याजोगे बीटी बियाणे शेतकऱ्यास मिळण्याची संधी अशी काही वर्षे लांबणीवर पडली. शुद्धतेची तपासणी ही प्रयोगशाळेपुरती बाब नसून तीत शेतकऱ्याची किती वर्षे गुंतलेली असतात, हे या प्रकरणावरून दिसून येते.

दुसरा प्रयत्न परभणीचे विद्यापीठ आणि महाबीज यांच्यातील कराराचा. विद्यापीठाने नांदेड-४४ चे जनक द्यावेत, महाबीजने त्यांत बोलगार्ड-२ चे जनुक आणावे आणि तयार होणारे बियाणे विकावे, अशी ही योजना होती. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या पीकेव्ही हायब्रीड-२ या वाणाबाबतही महाबीजने असेच काम केले. जनुक आणणे म्हणजे नवे रोप बाटलीत घडविणे नव्हे. जनुक असलेल्या झाडाशी मूळ जनकाचा संकर करावयाचा, त्याच्या संततीतून जनुक असलेली झाडे निवडावयाची, त्यांचा पुन्हा मूळ जनकाशी संकर करावयाचा, असे साधारणतः पाच-सहा पिढ्या करीत राहावे लागते. तेव्हा कोठे मूळ वाणाचे गुण परत येतात आणि जनुकही टिकते. २०१७ च्या सुमारास नांदेड-४४ चे बीटी रूप अशा रीतीने तयार झाले.

म्हणजे २००२ पासून मोजले तर दीड दशक गेले. माझ्या मते या हकिगतीतील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. करार करणारे दोन्ही पक्ष सरकारी होते, वाण सर्वांना ठाऊक होते, मागणी होती. तरीही एवढा काळ लागला. कराराची बोलणी, जनुकाची परवानगी, चाचण्यांचे हंगाम यांत वर्षे निघून जातात, आणि कीड मात्र कोणासाठी थांबत नाही.

कोणत्याही करारात न बसलेली अळी

नांदेड-४४ बीटी होऊन आले त्याच २०१७ सालच्या खरिपात मराठवाडा व विदर्भात गुलाबी, म्हणजे शेंदरी बोंडअळीने कापसाचे अतोनात नुकसान केले. या अळीने एका जनुकाच्या बीटीस दाद देणे सोडल्याचे गुजरातेत त्यापूर्वीच आढळले होते. २०१४-१५ च्या सुमारास तेथे बोलगार्ड-२ वरही ती जगू लागली. हिरव्या व ठिपक्यांच्या बोंडअळ्यांवर बीटीचा उपयोग अजून होतो. शेंदरी अळीपुरता मात्र तो विश्वास धरू नये.

असे का झाले? एक कारण सर्वांच्या परिचयाचे आहे. बीटी पाकिटासोबत पूर्वी १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याचे लहान पाकीट येई. ते शेताच्या कडेने लावावयाचे, म्हणजे तेथे साध्या अळ्या वाढतात आणि विष पचविणाऱ्या अळ्यांशी त्यांचा संकर होऊन प्रतिकारशक्ती लवकर पसरत नाही. बहुतेकांनी ते पाकीट बांधावर टाकून दिले किंवा सरकी म्हणून गुरांना चारले. पुढे बिगर-बीटी दाणे मुख्य पाकिटातच मिसळून देण्याची पद्धत आली. आताचे ४७५ ग्रॅमचे पाकीट त्याच प्रकारचे आहे.

दुसरे कारण वाणाच्या रचनेत आहे. जगातील अन्य देशांत बीटी कापूस मुख्यतः सरळ वाणांत आहे. संकरित वाणांत एवढ्या विस्ताराने तो आपल्याकडेच आला. संकरित झाडाच्या बोंडातील दाणे एकसारखे नसतात. काहींत विषारी प्रथिन असते, काहींत नसते. शेंदरी अळी दाणे पोखरूनच वाढते, म्हणून अशा मिश्र दाण्यांवर तिला प्रतिकार कमावण्यास संधी मिळते, असे काही शास्त्रज्ञांचे मत आहे. शिवाय संकरित वाणे लांब मुदतीची. पाणी असेल तर शेतकरी डिसेंबरनंतरही फरदड ठेवतो आणि अळीस थंडीभर घर मिळते.

विद्यापीठ व कंपनी यांच्या करारात जनुक असते, शुल्क असते, जनकांची मालकी असते. फरदड कोणी काढावी, हे त्यात नसते. ते काम गावाचे आहे, आणि म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्ता हा या भागीदारीतील तिसरा पक्ष समजावा. त्याने गावात पुढील गोष्टी घडवून आणल्या पाहिजेत. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच व्हावी. मे अखेरीस ठिबकावर केलेली लागवड ही पहिल्या पतंगांना दिलेले आमंत्रण होय. पेरणीनंतर सुमारे दीड महिन्याने एकरी दोन कामगंध सापळे लावावेत. सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ किंवा अधिक पतंग आले, तर उपाययोजनेची वेळ झाली असे समजावे. अर्धवट उमललेल्या, गुलाबासारख्या दिसणाऱ्या डोमकळ्या तोडून नष्ट कराव्यात आणि पाच टक्के निंबोळी अर्क वेळेवर फवारावा. पुढे दर आठवड्यास एकरी वीस हिरवी बोंडे फोडून पाहावीत. दोन बोंडांत अळी आढळली तर नुकसानीची पातळी गाठली गेली. बाहेरून बोंड चांगले दिसते म्हणून समाधान मानू नये, कारण ही अळी आत शिरल्यावर छिद्र बुजून जाते. डिसेंबर अखेर पीक काढून पऱ्हाट्या कुटी करून कुजवाव्यात. जळणासाठी रचलेल्या पऱ्हाटीच्या गंजीत आणि जिनिंगच्या आवारात पडलेल्या सरकीत या अळीचे कोष राहतात, हे विसरता कामा नये. मानवत व सेलू परिसरात जिनिंग कारखाने असल्याने तेथील कार्यकर्त्यांनी त्यांच्या आवारातही सापळे लावण्याचा आग्रह धरावा.

अलीकडे नरांस मादी सापडू नये म्हणून झाडांवर गंधाच्या दोऱ्या बांधण्याची पद्धतही निघाली आहे. ती एकट्या शेतात फारशी चालत नाही. सलग मोठ्या क्षेत्रावर सर्वांनी मिळून केली तरच तिचा उपयोग होतो.

सरळ वाणाचा मार्ग

आता पुन्हा बियाण्याकडे वळू. संकरित वाणात किल्ली जनक राखणाऱ्याकडे राहते हे वर आलेच आहे. पाकिटाची कमाल किंमत केंद्र शासन २०१६ पासून ठरवीत आले. त्या वर्षी बोलगार्ड-२ ची किंमत ८०० रुपये होती आणि २०२४ च्या हंगामात ती ८६४ रुपये झाली. दोन पाकिटे प्रति एकर धरली आणि पावसाने उघडीप देऊन दुबार पेरणी करावी लागली, तर हा खर्च लहान शेतकऱ्यास जड जातो.

म्हणूनच परभणीच्या विद्यापीठाने दिलेल्या बीटी सरळ वाणांकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. नांदेडच्याच केंद्रातून २०२३-२४ च्या सुमारास एनएच १९०१ बीटी, एनएच १९०२ बीटी आणि एनएच १९०४ बीटी ही तीन सरळ वाणे पुढे आली. त्यापूर्वी नागपूरच्या केंद्रीय संस्थेनेही अशी काही वाणे दिली होती. सरळ वाणाचे बियाणे शेतकऱ्यास पुढील हंगामासाठी राखता येते. झाड आटोपशीर असेल तर ते दाट लावता येते, आणि दाट पीक लवकर उरकले की शेंदरी अळीस लांबलेला हंगाम मिळत नाही. हलक्या जमिनीवरील कोरडवाहू कापसासाठी मला हा मार्ग अधिक हितावह वाटतो. अर्थात, सरळ वाणे आली म्हणजे कंपन्यांचे काम संपले असे नाही. सरळ वाणाचेही शुद्ध बियाणे मुबलक प्रमाणात कोणीतरी वाढविले पाहिजे, आणि ज्यात नफा कमी त्यात खासगी कंपनी मन घालीत नाही, हे उघड आहे. तेथे महाबीज, शेतकऱ्यांचे गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांनीच पुढे यावयास हवे.

या बाबतीत सोयाबीनचा अनुभव बोलका आहे. सोयाबीन स्वपरागसिंचित पीक असल्याने प्रमाणित बियाण्यापासून घेतलेले सोयाबीन दोन-तीन वर्षे बियाणे म्हणून वापरता येते. परभणीच्या विद्यापीठाची एमएयूएस ७१, एमएयूएस १५८, एमएयूएस ६१२ ही वाणे मराठवाड्यात सर्वांच्या परिचयाची आहेत. तरीही अनेक जण दरवर्षी बाजारातील पिशवीवर अवलंबून राहतात. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या संख्येने आल्या. ज्यांनी घरचे बियाणे तपासून पेरले होते, त्यांना निदान आपल्या हाती काय आहे हे अगोदर कळले होते.

तपासणीस कोणतेही यंत्र लागत नाही. शंभर दाणे मोजून घ्यावेत. गोणपाटाचा चौकोनी तुकडा भिजवून त्यावर ते ओळीने मांडावेत, वर दुसरा ओला तुकडा घालून गुंडाळी करावी आणि सावलीत ठेवून ओलावा राखावा. सहा-सात दिवसांनी जोमदार मोड आलेले दाणे मोजावेत. सत्तर किंवा त्याहून अधिक असले तर शिफारशीप्रमाणे पेरणी करावी; साठ ते सत्तरच्या दरम्यान असले तर बियाण्याचे प्रमाण त्या मानाने वाढवावे; साठाच्या खाली असले तर ते बियाणे बाजारात धान्य म्हणून विकावे. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ असते. मळणी करताना यंत्राचा वेग जास्त ठेवला किंवा पोती उंचावरून आपटली, तर दाणा दिसण्यास चांगला राहतो पण उगवत नाही. बियाण्यासाठी राखावयाचे सोयाबीन म्हणूनच वेगळे व हलक्या हाताने मळावे.

पाकिटावर आणि करारात काय पाहावे

बियाण्याच्या खुणचिठ्ठीचा रंग प्रत्येक कार्यकर्त्यास तोंडपाठ असावा. पैदासकार बियाण्यास सोनेरी पिवळी, पायाभूतास पांढरी, प्रमाणितास निळी आणि सत्यप्रत बियाण्यास हिरवट चिठ्ठी असते. प्रमाणित बियाण्याच्या मागे बीज प्रमाणीकरण यंत्रणेची शेत-तपासणी असते. सत्यप्रत बियाण्याची हमी केवळ विकणारा देतो. बीटी कापसाची बहुतेक पाकिटे सत्यप्रत या वर्गात मोडतात. पावती, चिठ्ठी आणि पाकिटातील मूठभर बियाणे हंगाम संपेपर्यंत जपून ठेवण्यास शेतकऱ्यांना सांगावे. तक्रार करण्याची वेळ आल्यास त्यांच्यावाचून काही सिद्ध करता येत नाही.

२००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याची माहिती गावात फारच थोड्यांना असते. संरक्षित वाणाचेही बियाणे राखणे, पेरणे, देवघेव करणे आणि विकणे हा हक्क या कायद्याने शेतकऱ्यास दिला आहे. केवळ ते मूळ छापाच्या पाकिटात भरून विकता येत नाही. तसेच बियाणे देणाऱ्याने सांगितलेले उत्पन्न दिलेल्या परिस्थितीत आले नाही, तर नुकसानभरपाई मागण्याची तरतूदही त्यात आहे.

विद्यापीठे व कंपन्या यांच्यात यापुढेही करार होतच राहतील. २०२३-२४ पासून केंद्र शासनाने कापसाच्या दाट लागवडीची प्रात्यक्षिके नागपूरच्या केंद्रीय संस्थेच्या देखरेखीखाली, खासगी उद्योगास बरोबर घेऊन अनेक राज्यांत सुरू केली. अशा उपक्रमाचे प्रात्यक्षिक आपल्या गावात आले, तर कार्यकर्त्याने पहिल्याच बैठकीत चार गोष्टी विचाराव्यात. जनक वाण कोणाकडे राहणार? प्रकल्प संपल्यावर बियाणे कोणत्या किमतीस आणि किती वर्षे मिळणार? प्रात्यक्षिकात फसलेल्या शेतांची नोंदही विद्यापीठाकडे जाणार की केवळ यशस्वी शेतांची? आणि कोरडवाहू, हलक्या जमिनीवर किती प्रात्यक्षिके घेतली जाणार? शेवटचा प्रश्न विशेष आग्रहाने विचारावा. प्रात्यक्षिकासाठी विहिरीजवळचे उत्तम रान निवडले जाते, आणि मग त्याच निकालावरून जिंतूरच्या माळरानासही तेच वाण सुचविले जाते, असे वारंवार घडते.

परभणीस विद्यापीठाचा खरीप शेतकरी मेळावा दरवर्षी १८ मे च्या स्थापनादिनी आणि रब्बी मेळावा १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी भरतो. तेथे विद्यापीठाचे बियाणे विक्रीस असते आणि वाण काढणारे शास्त्रज्ञ समोर भेटतात. गावातील दोन-तीन शेतकऱ्यांनी मिळून जावे, थोडे बियाणे आणून एकाच शिवारात एक हलके व एक भारी अशा दोन रानांत पेरावे, दोहोंचे वेचणीवार वजन वहीत लिहावे आणि ती वही पुढील मेळाव्यास बरोबर न्यावी.